नबीलाल आणि वडशाची सद्भावना

भाषण ऐकायचं असेल तर समोर सतरंजीवर बसावं. भाषण करणारा पाहायचा असेल तर मंचाच्या बाजूला, मशीनजवळ बसावं. मी तीस वर्षं मशीनजवळ बसलो. वडसा आणि भोवतालच्या गावांत लग्न, तेरवी, निवडणूक, उरूस, गणपती, एप्रिलातली जयंती, हिवाळ्यातली झाडीपट्टीची नाटकं, सगळीकडे माझा लाउडस्पीकर गेला. आता गुडघे गेले, दुकान पुतण्याकडे दिलं, आणि दिवाळी अंकवाले म्हणतात, धंद्यातले गोड अनुभव लिहा. गोड अनुभव नाटकवाल्यांकडे मागावेत. माझ्याकडे आहेत ते असे आहेत.

धंदा साधा. एक मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर. एक बॅटरी, कारण विजेचा भरवसा नाही. एक माइक, दोन भोंगे आणि वायरची वेटोळी. भोंग्याचं तोंड माइककडे झालं की आवाज फिरून माइकात शिरतो आणि मशीन किंचाळतं. नवखा माणूस आवाज कमी करतो, मुरलेला माणूस उठून भोंगा फिरवतो. एवढंच शास्त्र. बाकी सगळा त्रास गिऱ्हाइकांचा.

एक बुवा होते. आवाज आकाशातून आल्यासारखा वाटला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. भोंगा आंब्याच्या शेंड्याला बांधायला लावला. आकाशवाणी झाली खरी, पण झाडावरच्या लाल मुंग्या भोंग्यातून घसरून भक्तांच्या मानेवर पडल्या, आणि भक्त अंगाला झटके देऊ लागले तसे बुवा म्हणाले, "पाहा, संचार होऊन राह्यला!" देवळाच्या कमिटीचा माणूस येऊन सांगे, "मनोहर, एका भोंग्याचं तोंड मशिदीकडे ठेवजो." मशिदीच्या कमिटीचा माणूस सांगे, "भाई, एक देवळाच्या बाजूनं लाव." आपापला देव आपल्याच घरात बसला आहे असं दोघंही म्हणत, मग त्याच्यापर्यंत पोचायला शेजाऱ्याच्या कानातून कशाला जावं लागतं, हे मला कोणी सांगितलं नाही.

धंद्यात एक खूण असते. मंचावरच्या मोठ्या माणसाला कोणाचं बोलणं टोचलं की तो माझ्याकडे न पाहता दोन बोटं हवेत फिरवतो. म्हणजे, बंद कर. मग मी मशीनवर वाकायचं, वायर हलवायची, कपाळाला हात लावायचा. लोकांना वाटतं मशीन बिघडलं. शेतकऱ्यांचे, मजुरांचे, मास्तरांचे असे कितीतरी आवाज माझ्या मशीनमध्ये वेळेवर बिघडले आहेत.

आता नबीलालची गोष्ट सांगतो. चंद्रपूरचे दोन तुकडे होऊन आमचा गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरची. ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल. पावसाळा संपताना एक मिरवणूक निघाली. मशिदीसमोर कोणी थांबलं, कोणी मुद्दाम वाजवत राहिलं, आणि दगड सुरू झाले. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना खरचटलंसुद्धा नाही. शामरावचा डावा डोळा गेला. शामराव स्टेशनवरचा सायकलरिक्षावाला. सवारी सोडून परत येत होता, एवढाच त्याचा या प्रकरणाशी संबंध. पुढे कित्येक दिवस गावात एकच चर्चा, तो दगड कोणत्या बाजूनं आला. शामराव म्हणे, "मले का मालूम भाऊ? दगडावर नाव थोडीच लिहून रायते!"

वरून हुकूम आला तसं ठाणेदारानं सद्भावना संमेलन भरवायचं ठरवलं. समिती झाली. अध्यक्ष मोतीशेठ, राइस मिलचे मालक. मिरवणुकीला ट्रक आणि गुलाल त्यांनीच दिला होता. सदस्य मौलाना, ज्यांच्या मागे उभी राहणारी पोरं त्या दिवशी गच्चीवर विटा रचून बसली होती. तिसरे देवळाचे बुवा. चौथे आमच्या विहार कमिटीचे अध्यक्ष, ज्यांनी त्या दिवशी विहाराचं दार आतून लावून घेतलं होतं. हवेत सोडायला कबुतरं आणायची ठरली. पांढरी मिळाली नाहीत, म्हणून राखाडी पारवे आणले.

शेठचा मुलगा विनय नागपूरला फार्मसी शिकत होता. त्याच्या वर्गात नबील नावाचा एक अरब विद्यार्थी होता. देशाचं नाव लिहीत नाही. त्याच्या घरचे तिथेच आहेत, आणि तिथं राज्य करणारा साहेब उद्या गेला तरी त्या खुर्चीवर बसायला माणसं मिळतातच. विनयनं सहज सांगितलं की नबील कविता करतो. शेठच्या डोक्यात फक्त 'अरब' शिरलं. "अरबस्तानचा माणूस मंचावर पाहिजेच पाहिजे! मुसलमान खूश, कलेक्टर खूश!" पत्रिकेत छापलं, 'पवित्र भूमीतून आलेले विद्वान श्री. नबीलाल'. नबीलचं नबीलाल कोणी केलं ते कळलं नाही, पण गावात बातमी पसरली की नावातच नबी, म्हणजे पैगंबर, आहे.

नागभीडला गाडी बदलून तो छोट्या लाइनच्या गाडीनं आला. स्टेशनवरून शामरावनंच त्याला रिक्षात आणलं. लोक दाढी आणि झगा पाहायला जमले होते. रिक्षातून उतरला तो विटकी जीन पँट घातलेला, जाड मिशांचा, सुकलेला पोरसवदा माणूस. बोटांत सिगारेट. तरी लोकांनी धीर सोडला नाही. कोणी हात चुंबला, कोणी पाय धरले. शेठनंही धरले. तो दचकून मागे सरकला आणि थेट माझ्या वायरींच्या गराड्यात येऊन पडला.

"भाई, इधर बैठ सकता? उधर सब मेरा पैर पकड़ता."

मी म्हटलं, "बसा. इथी कोणी नाई येत. शॉक लागते."

त्याचं हिंदी मेसचा स्वयंपाकी आणि सिनेमा या दोघांनी शिकवलेलं. तेवढ्यात हसीनाबाई आली. ही राइस मिलमध्ये धान वाळवणारी बाई. कडेवर लेकरू, हातात पाण्याची बाटली. "पाहुण्यायनं पाण्यावर एक फुंक मारावी जी. पोराले दोन दिवसांपासून जुलाब होऊन राह्यले."

नबीलनं पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू खाली बसली. अंगातलं पाणी आटलं की असं होतं, हे मला नंतर कळलं. त्यानं माझ्याकडे साखर आणि मीठ मागितलं. मी चहाच्या टपरीवरून आणून दिलं. त्यानं बाटलीत घालून हलवलं आणि म्हणाला, "थोड़ा-थोड़ा पिलाओ, बार-बार. और अभी हॉस्पिटल जाओ. मेरा फूँक से कुछ नहीं होता."

हसीनाबाई थांबली. "तरी मारा न एक."

त्यानं हात जोडले. "अम्मा, मैं इस चीज़ से भागकर इधर आया."

ती दवाखान्याकडे गेली. तो सिगारेट पेटवून बसला आणि हळूहळू बोलायला लागला. त्याचा मोठा भाऊ शाळामास्तर होता. वर्गात भिंतीवर साहेबाचा फोटो होता, त्यावर माशी बसली, पोरं हसली, भाऊही हसला. चार दिवसांनी शिपाई घेऊन गेले. त्या शुक्रवारी मशिदीत प्रवचन झालं की राज्यकर्त्याची आज्ञा मोडणं म्हणजे देवाची आज्ञा मोडणं. त्याची आई प्रवचन ऐकून आली आणि तिनं घरात भावाचं नाव घेणं बंद केलं. नबील कविता कागदावर लिहीत नसे, पाठ करत असे. कागद सापडतो, म्हणाला.

मग त्यानं मला विचारलं, "तुम्हारा मज़हब क्या?"

मी सांगितलं, छप्पनात बापानं देव्हारा टोपल्यात घातला आणि वैनगंगेत सोडून दिला. आम्ही बौद्ध झालो.

तो उठूनच उभा राहिला. "एक दिन में? और ज़िंदा रहा?"

"जिवंत राह्यला. पण गावच्या विहिरीवर पाणी बंद झालं."

"किसने बंद किया? पुलिस?"

"नाई जी. शेजाऱ्यायनं."

तो पुन्हा खाली बसला. मग म्हणाला, धर्म सोडणं आमच्याकडे जमत नाही, तुमच्याकडे वाटतं तेवढं सोपं नाही, आणि दोन्हीकडचे शेजारी मात्र सारखेच. हे तो तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला, माझ्या मराठीत बसवून लिहितो आहे.

चार वाजता संमेलन सुरू झालं. पारवे सोडले. एक उडाला, दुसरा मंचावरच चालत राहिला आणि शेवटी बुवांच्या ताटातले तांदूळ टिपू लागला. शेठ बोलले, बुवा बोलले, मौलाना बोलले. सगळे धर्म एकच सांगतात, असं तिघांनीही सांगितलं. कोणता धर्म आधी सांगू लागला यावर मात्र तिघांचं एकमत नव्हतं. विहार कमिटीचे अध्यक्ष दोन्हीकडे पाहून अर्ध्याअर्ध्या टाळ्या वाजवत होते. समोर सतरंजीवर मिलच्या बाया, हमाल, दुकानदार, आणि एका कडेला रिक्षा उभी करून शामराव.

मग नबील उठला. कॉलेजचे वैरागडे सर दुभाषे होते. नबील इंग्रजीत सांगणार, सर मराठीत समजावणार. कविता त्यानं आधी अरबीत म्हटली. काय आवाज होता! मी कितीतरी गवयी माइकवर घेतले, पण असा आवाज मशीनला क्वचित मिळतो. लोक डोळे मिटून डोलायला लागले. मौलानांच्या माणसांनी हात वर केले. 'आमीन, आमीन' सुरू झालं. एक म्हातारा रडत होता. बुवांनीसुद्धा भक्तिभावानं मान हलवली. कोणालाच एक शब्द समजत नव्हता, आणि सगळ्यांना पुण्य लागत होतं.

कविता संपली. नबीलनं तिचा अर्थ इंग्रजीत सांगितला. वैरागडे सरांचा चेहरा पडला. ते शिकलेले होते, त्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "कवी म्हणतात की आमच्या शहरात उंच मिनार आहेत, त्यांच्या सावलीत सर्वांना शांती लाभते. आई घरकाम करते, शासन रक्षण करते, आणि ईश्वर सर्वांचं भलं करतो."

टाळ्या. नबील टाळ्या ऐकत उभा राहिला. त्याला मराठी येत नव्हतं, पण हिंदीवरून 'शांती' आणि 'ईश्वर' कळले असावेत. त्यानं सरांच्या हातून माइक काढून घेतला.

"यह साहब अच्छा आदमी है, मगर झूठ बोला. मैं ऐसा नहीं बोला. मैं बोला, हमारे शहर में तीन चीज़ ऊँचा है. मिनार, जेल का दीवार, और साहब का फ़ोटो. तीनों का छाया एक ही घर पर गिरता. उस घर में मेरा माँ कपड़ा सुखाता. कपड़ा सूखता नहीं."

तो बोलत राहिला. म्हणाला, आमच्याकडे शुक्रवारी एक माणूस आम्हाला रडवतो आणि शनिवारी दुसरा माणूस आम्हाला उचलतो, आणि दोघं एकाच मालकाचे नोकर. आम्ही देवाच्या नावानं मारतो, मग देवाच्या नावानं मेलेल्याला धुतो. आमच्याकडे तेल जमिनीतून निघतं आणि भीती तोंडातून. जगात सगळ्यात गोड भाषा आमची, आणि तिच्यात आम्ही सगळ्यात जास्त वापरतो तो शब्द 'चूप'.

मौलाना पुतळ्यासारखे बसले होते. त्यांच्या शेजारी शेठ मात्र खुर्चीत सरसावले. बुवांचे डोळे चमकले. शेठनी पहिली टाळी वाजवली. "वा! खरं बोलला!" मागून कोणी ओरडलं, "ऐका रे ऐका, त्यायचाच माणूस सांगून राह्यला!" मंडपाच्या एका बाजूनं टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्या टाळ्या त्या मंडपात सद्भावनेला पडल्या नव्हत्या.

नबीलनं हात वर केला. "ताली मत बजाओ."

टाळ्या थांबेनात.

"मत बजाओ! मैं अपना घर का गंदगी दिखाता. तुम इसलिए हँसता कि पड़ोसी का घर है. तुम्हारा घर में क्या है? यह रिक्शावाला का आँख किसने लिया? दगड अरबस्तान से आया?" 'दगड' हा त्याचा एकमेव मराठी शब्द, वाटेत शामरावकडून उचललेला; ट्रक, विटा आणि दार हेही त्याला तिथेच कळलं होतं. तो शेठकडे वळला. "ट्रक आपका." मौलानांकडे वळला. "ईंट आपका." मग आमच्या अध्यक्षांकडे. "दरवाज़ा आपका. तीनों इधर कुर्सी पर, और आँख वाला आदमी उधर धूप में खड़ा."

आणि मग त्या मंचावर, वडशाच्या इतिहासात पहिल्यांदा, सर्व धर्म एक झाले. शेठ आणि मौलाना एकाच वेळी उभे राहिले. बुवा म्हणाले, "नास्तिक आहे!" मौलाना म्हणाले, "हाँ, नास्तिक है!" ज्या संमेलनासाठी एवढा मंडप घातला, ते आता खरोखर सुरू झालं होतं. दोन्हीकडची पोरं खांद्याला खांदा लावून पुढे सरकली.

शेठनी दोन बोटं फिरवली.

मी पाहिलं. पुन्हा फिरवली. मी मशीनकडे वाकलो नाही. माझा हात बटणाजवळच होता, पण तो हलेना. हे शौर्य नव्हतं. मला ऐकायचं होतं. इतक्या वर्षांत मला माझ्याच भोंग्यातलं ऐकावंसं वाटलं, असं पहिल्यांदा झालं होतं. शेठ ओरडले, "मनोहर, बहिरा झाला का बे?" मी म्हटलं, "मशीन चांगलं चालून राह्यलं, शेठ."

मग ठाणेदार स्वतः आला आणि त्यानं बॅटरीचा चिमटा उपटला. कोणीतरी मशीनवर लाथ मारली, एक भोंगा खाली आला. नबील बिनमाइकचा बोलत राहिला. पुढच्या दोन ओळींतल्या मिलच्या बायांना तेवढं ऐकू आलं असेल. मी नंतर एकीला विचारलं, काय म्हणाला? ती म्हणाली, "आपल्या सगळ्यायचंच बोलून राह्यला होता बापा. फक्त लवकर लवकर."

नबीलची कॉलर फाटली, ओठ फुटला, त्यापलीकडे त्याला लागलं नाही. विनय रडत होता. शामरावनं गर्दीत रिक्षा घातली, मी मागे बसलो आणि आम्ही त्याला स्टेशनवर नेलं. गाडीला वेळ होता. मी अभिमानानं म्हटलं, "इथी फक्त वायर काढली. तुमच्याकडे काय केलं असतं?"

तो रुमालानं ओठ पुसत म्हणाला, "भाई, घमंड मत करो. हमारे उधर भी पहले वायर ही निकाला था."

गाडी आली आणि तो गेला.

त्यानंतर देवळाची, मशिदीची आणि आमच्या विहाराची, तिन्ही कमिट्यांनी मला काम देणं बंद केलं. याबाबत त्यांची सद्भावना वर्षभर टिकली. मग ब्रह्मपुरीहून आणलेल्या भोंग्यातून आरती चिपळ्या वाजवल्यासारखी ऐकू यायला लागली, तसे एकेक करून परत आले.

नबीलचं प्रकरण तेवढ्यावर मिटलं नाही. मोतीशेठ नागपूरला गेले आणि कॉलेजात तक्रार करून आले. वरतीपर्यंत पोचवलं, असं ते मिलच्या ओट्यावर बसून अभिमानानं सांगत. ते खरंच पोचलं, कॉलेजातून त्याच्या देशाच्या वकिलातीपर्यंत. नबीलला शिष्यवृत्ती त्याच्याच सरकारची होती. ती थांबली. मग पासपोर्ट वाढवून मिळेना. मग निरोप आला की आईला चौकशीला नेलं आहे, मुलगा परत आला तर सोडू. विनय म्हणाला, आम्ही सगळ्यांनी त्याला अडवलं. नबील म्हणाला, तिनं भावाचं नाव सोडलं, मला तिचं सोडता येत नाही.

विमानात त्याच्याबरोबर त्याच्या देशातला आणखी एक विद्यार्थी होता. विमानतळावर उतरल्यावर हा विद्यार्थी पुढे चालत होता. मागे वळून पाहिलं तेव्हा नबीलच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं होती. त्यानं पुन्हा पाहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात विनयपर्यंत बातमी आली की घरच्यांना प्रेत मिळालं, दफनाच्या वेळी मोठ्यानं रडायचं नाही या अटीवर.

विनय माझ्या दुकानात येऊन बसला. म्हणाला, "काका, त्या दिवशी तुम्ही माइक बंद केला असता तर?"

मी म्हटलं, "तो बिनमाइकचाही बोलत होता रे." हे खरं आहे. पण त्यानं सरांच्या हातून माइक घेतला तेव्हाच मी बंद केला असता तर दुभाष्याचं खोटंच गावभर झालं असतं, शेठ खूश राहिले असते आणि तो पोरगा कदाचित कुठल्या तरी शहरात औषधांचं दुकान चालवत असता, हेही खरं आहे. या दोन खऱ्यांची गाठ मला अजून सोडवता आली नाही. शेठला असा प्रश्न पडला नाही. ते म्हणाले, "धर्माले बोट लावलं की असंच होते." आणि मुलानं त्या दिवसापासून बापाशी बोलणं का सोडलं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मी ठरवलं, नबीलची शोकसभा घ्यायची. वैरागडे सरांना बोलवायला गेलो, त्यांना परीक्षेचे पेपर तपासायचे होते. आमच्या अध्यक्षांना विचारलं, ते म्हणाले, "आपल्या धम्माचा नव्हता न तो." धर्म बदलल्यावर आम्हाला विहाराचं दार मिळालं, पण दाराला कडी जुनीच राहिली. शेवटी मी स्टेशनबाहेर, रिक्षा उभ्या राहतात तिथे, संध्याकाळी माझं मशीन मांडलं. चारदोन रिक्षावाले आले. विनय आला. हसीनाबाई आली, पोरगं आता तिचं बोट धरून चालत होतं. मौलाना रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर येऊन उभे राहिले. अलीकडे आले नाहीत, पण निघूनही गेले नाहीत.

बोलणार कोण? मी मागे बसणारा माणूस, मला समोर येऊन शब्द सुचेना. विनयच्या तोंडून रडणंच निघालं. तेव्हा शामराव उठला. आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर. त्याला तो कुठून धरावा कळेना, म्हणून दोन्ही हात मागे बांधले.

"मी याले स्टेशनवरून आणलं होतं," तो म्हणाला. भोंग्यातून स्वतःचा आवाज ऐकून दचकला, थांबला, पुन्हा बोलला. "माह्या डोळ्याचं सगळ्यायनं मले विचारलं. ठाणेदारानं विचारलं, शेठनं विचारलं, पेपरवाल्यानं विचारलं. सगळे म्हणत, दगड कोणत्या बाजूनं आला. यानं वाटेत रिक्षा थांबवाले लावली, खाली उतरला, अन् विचारलं, दुखता है क्या?"

बस, एवढंच बोलला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "बराबर बोललो का, मनोहरभाऊ?" माइक चालूच होता. ते सगळ्या स्टेशनभर ऐकू गेलं.

मी म्हटलं, बराबर. तेवढ्यात गोंदियाकडची गाडी लागली आणि तो सवारी पाहायला पळाला.